चार अक्षरांची मजुरी

नोव्हेंबरात व्हरमाँटची जमीन फावडं परत करते.
त्यानंतर जे मरतात ते थांबतात
दफनभूमीच्या कडेला, दगडी कोठीत,
एप्रिलपर्यंत.
हार्लन टटल तिथेच होता, तिसऱ्या फळीवर,
त्याची मुलगी रोवेना बुटांचा बर्फ न झटकता
लूसियन गॅन्योंच्या कारखान्यात शिरली तेव्हा.
कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्याचा एक तुकडा
तिने टेबलावर सपाट केला.
त्यावर पेन्सिलीने:
हिअर लेज हार्लन टटल.

लूसियनने चष्मा कपाळावर ढकलला.
त्याच्या घरची भाषा फ्रेंच. इंग्रजी त्याने
नन्सच्या पट्टीखाली घोकलेली,
आणि पट्टीने शिकवलेलं हात विसरत नाहीत.
"ले म्हटलं की कर्म लागतं, बाई.
कोंबडी ले करते. काय? अंडं.
गवंडी ले करतो. काय? वीट.
'काय' हा प्रश्न ज्याला विचारता येत नाही
त्याने नुसतं पडून राहायचं. लाय.
मेलेल्या माणसाला कर्म उरत नाही.
इथे लाइज येईल."

"आणि काल पडला असेल तर?"

लूसियन अडखळला. कारण काल पडलेल्या लायचं
होतं ले.
तेच ते ले. आज चूक, काल बरोबर.
मराठीत "कर्म माझं!" म्हणून मोकळं होता आलं असतं.
त्याने खांदे उडवले.

"माझा बाप चाळीस वर्षं भिंती बांधत होता," ती म्हणाली.
"थापी चालवली, थाप कधी मारली नाही.
अंड्यांच्या हिशेबात एका सेंटाचीसुद्धा नाही.
आणि तुम्ही त्याच्या नावाआधी लाइज कोरणार?
येणारा-जाणारा वाचेल:
इथे खोटं बोलतो हार्लन टटल."

बत्तीस वर्षांत हे त्याला कोणी म्हटलं नव्हतं.
खिडकीतून टेकडी दिसत होती.
तिच्यावर त्याच्या हातचे दोनशे तरी लाइज असतील.
बँकेचा मॅनेजर.
दोन गावांत दोन घरं असलेला डॉक्टर.
त्याची स्वतःची आई,
जी शेवटपर्यंत म्हणाली, काही दुखत नाही रे.

त्याने वाट काढून पाहिली.
"लेच हवं ना? मग कर्म देऊ त्याला.
'इथे हार्लन टटलने आपली थापी खाली ठेवली.'
लेड. व्याकरणात चोख."

"थापी भावाने विकली. अकरा डॉलरला."

मग बराच वेळ नुसता कंप्रेसर बोलत राहिला.

"जेवण झालं की म्हणायचा, जरा ले डाउन करतो.
आई शाळेत शिकवायची, रोज दुपारी चूक काढायची.
तो हसायचा आणि आडवा व्हायचा,
चुकीसकट."
तिने तुकडा पुन्हा सपाट केला,
जरी तो सपाटच होता.

लूसियनने दर सांगितला. मजुरी अक्षरावर.
लाइजची चार, लेजची चार,
मधली दोन तेवढी बदलतात.

त्याने नाव कोरलं, सालं कोरली,
हिअर कोरलं, पुढे चार बोटं जागा सोडली.
फेब्रुवारी गेला. मार्च चिखलात गेला.
शिकाऊ डेस्मंड विचारी, इथे काय येणार?
लूसियन म्हणे, अजून त्याला ठेवलाय कुठे?
ठेवल्यावाचून पडेल कसा?

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जमिनीने फावडं घेतलं.
सहा जणांनी पट्ट्यांवरून पेटी खाली सोडली.
लूसियन मागे उभा होता, टोपी हातात.
सहा कर्ते, एक कर्म.
वाक्य बिनचूक होतं, आणि रोवेना
सबंध वाक्यभर खाली बघत होती.

दुपारी त्याने छिन्नी घेतली.
एल कोरला. जागा मोजून शेवटचा एस कोरला.
मधल्या दोघांपाशी
डाव्या हाताची बोटं आपोआप मिटली,
साठ वर्षांपूर्वीच्या पट्टीसाठी.
ती उघडेपर्यंत तो थांबला.
मग ए. मग वाय.
धूळ फुंकली.

"हे चुकलंय," डेस्मंड म्हणाला.

"माहीत आहे. बिलात चारच धर."